मीडियाचे विद्यार्थी, वीस हजारांचं बजेट : आधी काय शिकावं, काय घ्यावं? (ठाणे-नवी मुंबई)

कळवा_खारेगाव (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. बीएएमएमसी (मीडियाची पदवी) दुसऱ्या वर्षाचा चौघांचा गट आहे. कॉलेज ठाण्यात, दोघे कळव्याचे, दोघी ऐरोलीच्या. पुढच्या सत्रात पाच मिनिटांचा मराठी माहितीपट करायचा आहे. विषय वाशीची एपीएमसी, म्हणजे कृषी उत्पन्न बाजार समितीचं घाऊक मार्केट. हाताशी दोन बरे अँड्रॉइड फोन, आठ जीबी रॅमचा एक लॅपटॉप आणि वर्गणीचे वीस हजार. या पैशांत जुना डीएसएलआर कॅमेरा घ्यावा का? एडिटिंगला कुठलं सॉफ्टवेअर झेपेल? आणि मधल्या दोन महिन्यांत सराव काय करावा? जाणकारांनी सविस्तर लिहावं ही विनंती.

ध्वनिवेडा

डीएसएलआर नको. आजच्या बऱ्या फोनचं चित्र कॉलेजच्या प्रोजेक्टरला पुरून उरतं. विद्यार्थ्यांचे माहितीपट पडतात ते आवाजात. चित्र जरा अंधारं असलं तरी लोक बघतात, पण बोललेलं कळलं नाही की दुसऱ्या मिनिटाला मोबाइल काढतात.

वीस हजारांची साधारण वाटणी अशी करा : तीनेक हजारांत दोन वायरवाले कॉलर माइक आणि त्यांचे अडॅप्टर, तीन-चार हजारांत फोनची पकड असलेला भक्कम ट्रायपॉड, सहा-सात हजार फाइल साठवायच्या डिस्कला, उरलेले प्रवास, चहापाणी आणि गरज पडली तर एखाद्या दिवसाच्या भाड्याच्या सामानाला.

माइक घेताना पिन बघा. फोनला लागणाऱ्या पिनवर तीन काळे पट्टे असतात, कॅमेऱ्याच्या पिनवर दोन. दोन पट्ट्यांची पिन फोनमध्ये घातली तर बऱ्याचदा फोन स्वतःच्याच माइकवर रेकॉर्ड करत राहतो, आणि हे घरी आल्यावर कळतं. म्हणून रेकॉर्डिंग सुरू करून कॉलर माइकवर नखानं हलकं टिचकावा. ‘टक’ मोठा ऐकू आला तर माइक चालू. फोनला गोल भोक नसेल तर टाइप-सी अडॅप्टर लागतो, पण स्वस्तातले काही अडॅप्टर ठरावीक फोनवरच चालतात. दुकानातच आपल्या फोनला लावून रेकॉर्ड करून ऐका, मग पैसे द्या.

माइक कुठे लावायचा? हनुवटीखाली एक वीत. शर्ट असेल तर बटणपट्टीवर. साडी असेल तर पदर ज्या खांद्यावर नाही त्या बाजूला, ब्लाउजच्या काठाला. पदराखाली लावलात तर प्रत्येक श्वासाला खसखस येते. मंगळसूत्र, साखळी, ओळखपत्राची दोरी माइकवर आपटत नाही ना ते बघा. मंगळसूत्र काढायला सांगू नका, माइक दोन बोटं बाजूला सरकवा. वायरचा छोटा वेढा करून कपड्याच्या आतून मेडिकलच्या चिकटपट्टीनं लावा, म्हणजे वायर ओढली गेली तरी धक्का माइकपर्यंत पोचत नाही.

पातळी : माणूस नेहमीच्या आवाजात बोलताना रेकॉर्डिंग अ‍ॅपच्या मीटरचे उंच ठोके उणे १२ डेसिबलच्या आसपास, हसला-ओरडला तर उणे ६. शून्याला लागलं की आवाज फाटतो, आणि फाटलेला आवाज शिवता येत नाही. थोडा कमी रेकॉर्ड झालेला मात्र वाढवता येतो. अ‍ॅपमध्ये ४८ किलोहर्ट्झ, वेव्ह फाइल निवडा. ‘ऑटो गेन’ (पातळी आपोआप कमीजास्त करणं) बंद करता येत असेल तर करा, नाहीतर माणूस थांबला की मागची गाड्यांची घरघर आपोआप वर येते आणि तो बोलायला लागला की खाली जाते. कानाला हे लगेच खटकतं.

फोन एअरप्लेन मोडवर. घरात मुलाखत असेल तर पंखा बंद, फ्रिज बंद. फ्रिज बंद करणाऱ्यानं स्वतःच्या गाडीची किल्ली फ्रिजमध्ये ठेवावी, म्हणजे निघताना तो चालू केल्याशिवाय घराबाहेर पडताच येणार नाही. मुलाखत संपल्यावर सगळ्यांनी जागेवर गप्प उभं राहून एक मिनिट नुसत्या खोलीचा आवाज रेकॉर्ड करा. दोन वाक्यांमधल्या कापलेल्या जागा भरायला तोच लागतो.

पाचपाखाडीकर

वरच्या प्रतिसादाला अनुमोदन. भर एवढीच, की मुलाखत चालू असताना मागून लोकल गेली तर ती पूर्ण जाऊ द्या आणि ते उत्तर पुन्हा घ्या. गाडीचा आवाज अर्ध्यात कापला की जोड उघडा पडतो. आणि मुलाखत घेणाऱ्यानं ‘हो हो’, ‘अच्छा’, ‘बरोबर’ म्हणायचं नाही, मान हलवायची. आपल्याकडे हुंकार देणं ही रीत आहे, पण तो हुंकार नेमका कामाच्या वाक्यावर बसतो. उत्तर संपल्यावर मनात तीनपर्यंत मोजा, मग पुढचा प्रश्न. त्या शांततेत माणूस बऱ्याचदा खरं काहीतरी जोडतो.

ऐरोली_सेक्टर

आवाज महत्त्वाचा, मान्य. पण चित्राकडे दुर्लक्ष करा असा अर्थ निघू नये. एपीएमसीचं काम पहाटे चालतं, म्हणजे तुमचा निम्मा माहितीपट ट्यूबलाइट आणि एलईडीखाली आहे. इथे पहिला घोळ लुकलुकण्याचा. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे दिवे सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतात. फोन आपणहून शटर (प्रत्येक चित्राला उजेड किती सेकंद मिळतो तो वेळ) १/६० किंवा भलतंच काही धरतो आणि पडद्यावर काळे पट्टे वाहू लागतात. शटर १/५० किंवा १/१०० वर पक्कं करा. फ्रेम रेट (सेकंदाला किती चित्रं) २५ ठेवा. फोन २५ देत नसेल तर ३० चालेल, शटर तेच, पण दोन्ही फोन एकाच आकड्यावर हवेत. काही स्वस्त एलईडी यालाही दाद देत नाहीत, म्हणून आदल्या पहाटे जाऊन दहा सेकंद शूट करून बघा.

हाती नियंत्रण देणारं कॅमेरा अ‍ॅप लागेल. ओपन कॅमेरा मोफत आहे, ब्लॅकमॅजिक कॅमेराही मोफत आहे पण सगळ्या अँड्रॉइडवर चालत नाही. कुठलंही घ्या, चार गोष्टी पक्क्या करायच्या : शटर, आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता), व्हाइट बॅलन्स (रंगांचा समतोल) आणि फोकस. व्हाइट बॅलन्स ऑटोवर राहिला तर हमाल शेडमधून उन्हात येईपर्यंत त्याचा सदरा एकाच शॉटमध्ये दोनदा रंग बदलतो. दिवसाउजेडी ५६०० केल्विनच्या आसपास. ट्यूबच्या उजेडाला हिरवट झाक असते, ती नंतर काढता येते, पण शॉटभर एकसारखी असेल तरच.

भर उन्हात १/५० ठेवलंत तर चित्र पांढरंफटक पडेल, कारण बहुतेक फोनचं अ‍ॅपर्चर (भिंगाचं छिद्र) कमी करता येत नाही. त्याला सहा-सात स्टॉपचा एनडी फिल्टर, म्हणजे उजेड अडवणारी गडद काच लागते (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा). फिल्टर नसेल तर बाहेर शटर जाऊ द्या वर. चालणाऱ्या माणसांची हालचाल जरा तुटक दिसेल, एवढंच.

शॉट कसे घ्यायचे याचा सराव घरी करा. कोणतंही एक काम निवडा, भाकरी थापणं, सायकलचं पंक्चर, काहीही. त्याचे पाच शॉट : नुसते हात, नुसता चेहरा, माणूस आणि काम एकत्र, माणसाच्या खांद्यावरून त्याला दिसतं तसं, आणि एक असा कोन जो पहिल्यांदा सुचला नव्हता. प्रत्येक शॉट दहा सेकंद, कॅमेरा जराही न हलवता. झूम नाही, पॅन (कॅमेरा आडवा फिरवणं) नाही. मग ते ४० सेकंदांत कापा. जिथे कापता येत नाही तिथे कुठला शॉट घ्यायचा राहिला ते कळतं. आठवड्याला असे दोन केले तरी बाजारात उभं राहिल्यावर काय टिपायचं हे सुचायला लागेल.

माहिती_हक्क

चर्चा सामानावर गेली, पण ‘वाशीची एपीएमसी’ हा विषयच नाही, ते ठिकाण आहे. कांदा-बटाटा, फळं, भाजीपाला, मसाला, धान्य अशी वेगवेगळी मार्केटं, तीही मुंबईतून टप्प्याटप्प्यानं इथे आलेली. पाच मिनिटांत सगळं दाखवायला गेलात तर हाती नुसती ढिगांची दृश्यं उरतील. एक माणूस आणि एक प्रश्न धरा. उदाहरणार्थ, कांदा-बटाटा मार्केटमधला एक माथाडी कामगार (डोक्या-पाठीवरून माल वाहणारा हमाल) : त्याची एक पाळी, त्याची टोळी, वाराईचा (माल चढवण्या-उतरवण्याच्या मजुरीचा) हिशेब कसा होतो, माथाडी मंडळात नोंद असल्यानं त्याला काय मिळतं. मागे १९६९ चा माथाडी कायदा आहे, अण्णासाहेब पाटलांनी बांधलेली चळवळ आहे. ही पार्श्वभूमी निवेदनाच्या दोन वाक्यांत येते, पण ती दोन वाक्यं बरोबर यायला आठवडाभर वाचावं लागतं. ठाण्यात मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून आहे, तिथे जाऊन बसा. ठाणे जिल्ह्याचं गॅझेटियर तर ऑनलाइनही वाचता येतं.

सरकारी आकडे हवे असतील तर माहितीचा अधिकार वापरा, पण आज. उत्तराची मुदत ३० दिवसांची आहे, आणि विद्यार्थी शूटिंग संपल्यावर अर्ज करतात. महाराष्ट्रात अर्जाला १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एका अर्जात एकच विषय, मजकूर साधारण १५० शब्दांत. अर्ज जनमाहिती अधिकाऱ्याच्या नावे. ‘असं का झालं’ विचारू नका, त्याला उत्तर मिळत नाही. कागद मागा : ‘अमुक कालावधीतल्या अमुक नोंदवहीच्या प्रती’. ३० दिवसांत काही आलं नाही तर त्यानंतरच्या ३० दिवसांत पहिलं अपील करता येतं.

कळवा_खारेगाव

ध्वनिवेडा, ऐरोली_सेक्टर, खूप आभार. डीएसएलआर रद्द. माहिती_हक्क, माथाडीचा विषय चौघांनाही पटला. दोन शंका : कॉलेजच्या वर्गात चाचणी घेतली तर आवाज घुमतो, तो एडिटिंगमध्ये काढता येईल का? आणि लॅपटॉपचं कुणी सांगेल का?

ध्वनिवेडा

घुमणारा आवाज नंतर नीट काढता येत नाही. सॉफ्टवेअरनं कमी होतो, पण माणूस डब्यातून बोलल्यासारखा ऐकू येतो. वर्गात फरशी, काच, रिकामी भिंत, सगळं आवाज परत फेकणारं. जागा बदला. गादी, पडदे, कपड्यांचं उघडं कपाट असलेली झोपायची खोली उत्तम. नाइलाजानं वर्गातच करायचं झालं तर माणसाला भिंतीपासून दूर खोलीत आत बसवा, कोपरा टाळा, चौकटीबाहेर जमिनीवर आणि बोलणाऱ्याच्या समोरच्या बाजूला गोधड्या-रजया टाका, आणि माइक जमेल तितका तोंडाजवळ आणा. जवळचा माइक हा घुमण्यावरचा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

टाइमलाइन

लॅपटॉपचं सांगतो. आठ जीबीवर दा विंची रिझॉल्व्ह उघडेल, पण रडवेल. त्यापेक्षा केडेनलाइव्ह किंवा शॉटकट घ्या, दोन्ही मोफत आणि हलके. प्रॉक्सी चालू करा, म्हणजे कापाकापी छोट्या प्रतींवर होते आणि शेवटची फाइल मूळ चित्रातून निघते. फोनमध्ये ‘हाय एफिशियन्सी’ व्हिडिओ बंद ठेवा. त्यातला एच.२६५ प्रकार जागा कमी खातो, पण जुन्या लॅपटॉपचा दम काढतो.

फोनच्या व्हिडिओतला एक दोष बहुतेकांना उशिरा कळतो : फ्रेम रेट स्थिर नसतो, उजेड आणि तापमानानुसार मागेपुढे होतो. वेगळा रेकॉर्ड केलेला आवाज सुरुवातीला ओठांशी जुळतो आणि दहाव्या मिनिटाला अर्धा सेकंद सरकलेला असतो. म्हणून आधी सगळ्या फाइल हँडब्रेक नावाच्या सॉफ्टवेअरमधून ‘कॉन्स्टंट फ्रेम रेट’ करून घ्या, मग एडिटला बसा. जुळवणीसाठी प्रत्येक टेकच्या सुरुवातीला कॅमेऱ्यासमोर आणि माइकजवळ एक टाळी वाजवा.

जागेचा हिशेब : सेकंदाला ५० मेगाबिटचा व्हिडिओ मिनिटाला ३७५ एमबी खातो, तासाला २२ जीबीच्या वर. दोन फोन, तीन पहाटा, सहज दीडशे जीबी. शूटवरून आल्यावर त्याच दिवशी दोन ठिकाणी प्रत, दोन्हीकडच्या फाइल उघडून बघायच्या, मगच फोन रिकामा. दुसरी प्रत दुसऱ्याच्या घरी, एकाच बॅगेत दोन्ही डिस्क नकोत. फोल्डरला तारीख-जागा-फोन अशी नावं द्या, ‘न्यू फोल्डर ३’ नको.

आणि कापायला बसण्याआधी कागदावर एडिट करा. मुलाखतीतलं प्रत्येक वाक्य वेळेसकट उतरवून काढा. कंटाळवाणं काम आहे, चौघांत वाटून घ्या, टाळू नका. कामाची वाक्यं रंगवा, कापून टेबलावर क्रम लावा. मग टाइमलाइनवर (सॉफ्टवेअरमधल्या मांडणीच्या पट्टीवर) फक्त आवाज मांडा, चित्र शून्य. डोळे मिटून ऐका. नुसत्या आवाजावर गोष्ट कळली तरच त्यावर चित्रं चढवा. पुढच्या दृश्याचा आवाज चित्राच्या एखादा सेकंद आधी सुरू केलात की जोड मऊ होतो : चेहऱ्यावर असतानाच पोतं आदळल्याचा आवाज, मग पोतं.

शिरोरेषा

मराठी माहितीपट म्हणताय, तर मराठी अक्षरांचंही कुणीतरी बोललं पाहिजे. पाट्या आणि उपशीर्षकांत जी हेळसांड दिसते, तिला खरोखर काही कारण नाही.

सगळा मजकूर युनिकोडमध्येच लिहा. जुन्या फॉन्टमधला मजकूर दुसऱ्या यंत्रावर उघडला की चिन्हांचा चिवडा होतो. फॉन्ट मुक्त परवान्याचा घ्या : मुक्ता, बलू, नोटो सान्स देवनागरी. उपशीर्षकांना मुक्ताचं मध्यम वजन छान वाचता येतं. फॉन्ट निवडल्यावर ‘विद्यार्थ्यांच्या’, ‘कृषी’, ‘क्रिया’, ‘दऱ्याखोऱ्या’ असे शब्द टाइप करून बघा. पाय मोडलेले तुकडे दिसले, किंवा ऱ्हस्व वेलांटी चुकीच्या अक्षरावर गेली, तर दोष बहुधा फॉन्टचा नाही, सॉफ्टवेअरच्या मजकूर-यंत्रणेचा आहे. प्रीमियर या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये प्रेफरन्सेसमधल्या ग्राफिक्समध्ये टेक्स्ट इंजिन ‘साउथ एशियन अँड मिडल ईस्टर्न’ करावं लागतं.

अक्षरांमधलं अंतर, म्हणजे ट्रॅकिंग, शून्यच ठेवा. इंग्रजी शीर्षकं ऐसपैस पसरवतात तशी मराठी पसरवली की शिरोरेषा तुटते आणि शब्द दात पडल्यासारखा दिसतो. ओळींमधलं अंतर मात्र इंग्रजीपेक्षा जास्त द्या, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या अनुस्वारावर चढतो. एकेक अक्षर उमटणारं टाइपरायटर अ‍ॅनिमेशन वापरू नका, ‘क्ष’ आधी ‘क’ म्हणून उमटतो मग बदलतो. शब्दाशब्दानं आणा. अक्षरांना काठाची रेघ देऊन बघा, काही फॉन्टमध्ये दोन अक्षरांच्या सांध्यावर आतल्या रेघा दिसायला लागतात. तसं झालं तर रेघेऐवजी मागे अर्धपारदर्शक काळी पट्टी.

उपशीर्षक दोन ओळींपेक्षा जास्त नको, एका सेकंदापेक्षा कमी नको, सहा-सात सेकंदांपेक्षा जास्त नको. ओळ तोडताना विशेषण आणि नाम, किंवा ‘करून’ आणि ‘घेतलं’ असे जोड फोडू नका. एसआरटी (उपशीर्षकांची वेगळी) फाइल यूटीएफ-८ मध्ये जतन करा, नाहीतर सगळीकडे प्रश्नचिन्हं येतात.

पाचपाखाडीकर

परवानगीचं राहिलं. बाजार समितीच्या कार्यालयात कॉलेजचं पत्र घेऊन आधी जा. तारीख, वेळ, माणसं किती, ट्रायपॉड असेल का, हे पत्रात असू द्या. ज्याचा चेहरा दिसणार आणि जो बोलणार त्याची मराठीतली लेखी संमती घ्या. सही करायची नसेल तर कॅमेऱ्यावर नाव आणि ‘माझी हरकत नाही’ एवढं वदवून घ्या, पण आधी त्याला सांगा की हे कुठे दाखवलं जाणार आहे. स्टेशनात ट्रायपॉड मांडायचा नाही, रेल्वेची परवानगी लागते. ड्रोनचा विचारच सोडा. उलव्याकडच्या नव्या विमानतळामुळे नवी मुंबईत उड्डाणाची बंधनं वाढलेली आहेत, डिजिटल स्काय या ड्रोनसाठीच्या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशावर बघितल्याशिवाय कुणी उडवतो म्हणाला तरी नाही म्हणा.

कळवा_खारेगाव

पार्श्वसंगीताला एखाद्या जुन्या गाण्याचे दहा सेकंद वापरले तर चालतात ना? सीनियर म्हणतात, तेवढ्याला कॉपीराइट लागत नाही.

माहिती_हक्क

नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात दहा सेकंद, तीस सेकंद अशी कुठलीही सूट नाही. समीक्षा, संशोधन, चालू घडामोडींचं वार्तांकन अशा कारणांसाठी रास्त वापराची तरतूद आहे, पण पोत्यांच्या दृश्यामागे वातावरण म्हणून गाणं लावणं त्यात बसत नाही. ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षं असतो, शब्द आणि चाल यांचे हक्क त्याहून वेगळे. यूट्यूबच्या ऑडिओ लायब्ररीतलं घ्या आणि श्रेय मागितलं असेल तर शेवटच्या पाटीवर द्या. पण माथाडींच्या माहितीपटाला संगीत लागेलच असं नाही.

ध्वनिवेडा

हेच लिहायला आलो होतो. पहाटेच्या मार्केटमध्ये माइक घेऊन फिरा : लाकडी फळ्यांवरून उतरणारी पावलं, पाठीवर पोतं घेताना एकमेकांना दिलेली हाक, ट्रकची साखळी, तराजू, चहाच्या ग्लासांची किणकिण. प्रत्येक आवाज जवळून आणि लांबून, प्रत्येकी किमान अर्धा मिनिट. त्यातून जो ठेका मिळेल तो विकतच्या सुरांपेक्षा कितीतरी चांगला. सरावासाठी आधी ९० सेकंदांची नुसती ध्वनिफीत करा, ठाण्यातल्या जांभळी नाक्याच्या बाजारात. ऑडॅसिटी मोफत आहे. पाच आवाज, एक माणूस, निवेदन शून्य. वर्गात दिवे घालवून ऐकवा आणि ऐकणाऱ्यांना कागदावर लिहायला सांगा : जागा कुठली, वेळ कुठली, माणूस काय करतो. उत्तरं चुकली तर कुठला आवाज कमी पडला ते शोधा आणि तेवढाच पुन्हा रेकॉर्ड करा.

ऐरोली_सेक्टर

हा सराव चौघांनी वेगवेगळा करावा असं सुचवेन. गटात नेहमी एकच जण एडिट करतो, एकच जण कॅमेरा धरतो, आणि तिसऱ्या वर्षाला बाकीच्यांना टाइमलाइनही उघडता येत नाही. छोटे सराव करताना कामं फिरवा. मोठ्या माहितीपटात मात्र प्रत्येकाला एकच काम द्या आणि श्रेयपाटीवर तेच लिहा. उद्या कामाचे नमुने दाखवताना ‘यात तुम्ही नेमकं काय केलंत’ हाच पहिला प्रश्न असतो.

कळवा_खारेगाव

माहिती अधिकाराचा अर्ज उद्याच टाकतो. शेवटचा प्रश्न : फाइल काढताना कुठले आकडे ठेवायचे? दाखवायचं कॉलेजच्या सभागृहात आहे, मग यूट्यूबवर.

टाइमलाइन

१९२० बाय १०८०, टाइमलाइनचा जो फ्रेम रेट तोच, एच.२६४, बिटरेट १२ ते १५ मेगाबिट, आवाज एएसी ३२० किलोबिट. यूट्यूबसाठी आवाजाची सरासरी उणे १४ एलयूएफएसच्या (कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाचं माप) आसपास, सर्वांत उंच ठोका उणे १ डेसिबलच्या खाली. सभागृहासाठी उपशीर्षकं चित्रातच छापून घ्या, तिथल्या संगणकाचा प्लेअर मराठी एसआरटी नीट दाखवेल याचा भरवसा नाही. यूट्यूबला मात्र उपशीर्षकांशिवायची प्रत चढवून एसआरटी वेगळी जोडा. दोन पेन ड्राइव्ह, दोघांच्या खिशात. कार्यक्रमाआधी सभागृहात जाऊन पहिला एक मिनिट आणि सर्वांत मोठ्या आवाजाचा भाग लावून बघा, आणि शेवटच्या रांगेत उभं राहून ऐका. माथाडीचं बोलणं तिथपर्यंत कळत नसेल तर मुलाखतीच्या ट्रॅकमागचा बाजाराचा आवाज तीन डेसिबलनं उतरवा आणि फाइल पुन्हा काढा.